उजवी बाजू मोकळी

रियाधमध्ये ओल्या गवताचा वास आला की माणूस आधी दचकतो. इथले वास वेगळे. धुळीचा, ऊदाचा, पेट्रोलचा, कोपऱ्यावरच्या भट्टीत भाजल्या जाणाऱ्या रोट्यांचा. पण आज दुपारच्या उतरत्या उन्हात मैदानावर पाण्याचे फवारे उडत होते, आणि मी फाटकातून आत आले ती थेट त्या वासातच. बूट हातात, मोजे खांद्यावर, आणि वय असं की मैत्रिणी भेटल्यावर गुडघ्यांबद्दल बोलतात. मी तिथंच थांबून छाती भरून श्वास घेतला. माझी दहा वर्षांची मुलगी इरा मागून म्हणाली, "आई, प्लीज. पीपल आर लुकिंग."

बघू देत. याच फाटकाबाहेर मी तेरा वर्षांची असताना उभी होते, आणि आतलं गवत मला दोन गजांमधून हातभर दिसलं होतं. आज आमच्या हॉस्पिटलच्या महिला संघाचा सामना आहे. मी दातांची डॉक्टर, संघात राखीव, जागा उजव्या विंगची. सामना इंटरनेटवर दाखवणार आहेत, आणि वर काचेच्या खोलीत माईकपाशी बसलाय प्रोफे. सकाळपासून माझं कशातच लक्ष नाही. तीन रुग्णांना मी भूल द्यायच्या आधीच "झालं हं" म्हणून मोकळी झाले.

प्रोफे म्हणजे लहानपणीचा आमचा कोच. मेक्सिकोत फुटबॉल शिकवणाऱ्याला पोरं प्रोफे म्हणतात, हे त्यानंच आम्हाला सांगितलं, आणि मग त्याचं खरं नाव कुणी घेतलंच नाही.

तो आमच्याकडे आला बाबांच्या टेबलावरून. बाबा फिजिओथेरपिस्ट, मूळचे कोल्हापूरचे. कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉल, तालमींचे संघ, सामन्याच्या दिवशी अर्धं गाव मैदानावर आणि उरलेलं अर्धं मैदानाकडे कान लावून. तिथला माणूस नोकरीसाठी वाळवंटात आला तरी त्याच्या पायातला चेंडू सुटत नाही. रियाधच्या एका क्लबानं आणलेला मेक्सिकन हाफबॅक गुडघा धरून त्यांच्यासमोर आडवा झाला, त्या दिवशी ते घरी आले ते बूट न काढताच बोलायला लागले.

"आज असला पाय हाताखालनं गेलाय बघ. पेठेत असता तर हत्तीवरनं मिरवला असता."

गुडघा कसा गेला, कुणाच्या धडकेनं गेला, ते बाबांनी कधी सांगितलं नाही. तो पुन्हा पहिल्यासारखा होणार नाही, हे त्यांनी त्याला ज्या दिवशी सांगितलं, त्याच संध्याकाळी ते त्याला घरी जेवायला घेऊन आले. दारात एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस, ओले केस मागे बसवलेले, अंगाला बाबांच्याच मलमाचा वास. आईनं ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. आई जगातल्या प्रत्येक माणसाशी मराठीतच बोलायची. "घ्या की आणि एक," ती म्हणाली. "लाजायचं काय त्यात." त्यानं भाकरी हातात घेऊन उलटसुलट केली, हुंगली, ठेच्यावर अख्खं लिंबू पिळलं आणि खायला लागला. नाक वाहायला लागलं, डोळे वाहायला लागले, तरी थांबेना. मग स्वतःच्या भाषेत काहीतरी म्हणाला. आई म्हणाली, "घर आठवलं त्याला." भाषांतराची गरज तिला कधी पडली नाही.

मग आमच्या कंपाउंडच्या टोकाच्या फ्लॅटमध्ये तो राहायलाच आला. आणि कंपाउंडच्या मागच्या भिंतीलगत जी रेताड जागा होती, जिथं लोक जुने सोफे टाकायचे, तिथं एका संध्याकाळी त्यानं चार दगड ठेवले.

त्या जागेचे दिवस सांगायचे तर कुठून सुरू करू? दुपार कलताना असरची नमाज झाली की आम्ही दारांतून सुटायचो. बागेच्या नळावरून बादल्या भरून आणायच्या, रेतीवर सडा घालायचा. ओल्या रेतीचा तो गरम वास उठला की आम्ही चपला भिरकावून द्यायचो. पाणी वाळायच्या आत खेळायचं. पुढं सूर्य बुडताना मगरिबची अजान झाली की खेळ बंद. चेंडू हवेत असला तरी बंद. शिट्टी नव्हती, घड्याळ बघायची गरज नव्हती. हिवाळ्यात अजान लवकर यायची आणि आम्ही हळहळत घरी जायचो. वसंतात आकाश पिवळं व्हायचं, दातांत धूळ करकरायची, तरी प्रोफे म्हणायचा, "खेळा, खेळा, चेंडूला धूळ दिसत नाही." रमजानात शेजारच्या घरांतून समोसे तळल्याचा वास येऊन पोरं चेंडू सोडून खिडक्यांकडे बघायची, आणि रोजा सुटल्यावर सगळे मिळून अल खर्जच्या गोठ्यांतून आलेल्या ताकाच्या बाटल्या घटाघटा संपवायचे. त्या ताकाची पांढरी मिशी पुसायची नाही, असा आमचा एक नियमच होता.

प्रोफे शिकवायचा तो चार भाषांच्या खिचडीत. "यल्ला, जल्दी, लुक अप." मला तो फ्लाका म्हणायचा, म्हणजे काडी. मी संघात एकटी मुलगी. पण पळायला लागले की कुणाच्या बापाला सापडायचे नाही. उजवी बाजू माझी. तो मधून ओरडायचा, "फ्लाका, उजवी बाजू मोकळी," आणि चेंडू माझ्यापुढं पडलेला असायचा. असा बरोब्बर पुढं, की मला पाऊलसुद्धा आखडायला लागायचं नाही. गुडघा मोडलेला असतानाही तो हे करायचा. ज्याच्या पायातून असा चेंडू येतो त्याच्यासाठी माणूस भिंतीवरूनही पळेल.

शुक्रवारी त्याच्या फ्लॅटवर सामना बघायला जमायचं. टीव्हीचा आवाज तो बंद करून टाकायचा. "तो खोटं बोलतो," निवेदकाबद्दल म्हणायचा, आणि मग स्वतःच बोलायला लागायचा. हातात लिंबू-तिखट लावलेली काकडी, पाय स्टुलावर, आणि तोंडातून खेळ असा यायचा की डोळे मिटले तरी कळावं कोण कुठं पळतंय. स्वतःबद्दलही सांगायचा. डोंगरावरच्या गावातला सामना, तिथं हवा विरळ, चेंडू लाथेबरोबर उडून जायचा. एकदा देशाच्या संघाबरोबर बाकावर बसला होता, पूर्ण सामना, पायात बूट घट्ट बांधून. बोलावलंच नाही. हे सांगतानाही तो हसायचा. गोल व्हायच्या क्षणभर आधी तो श्वास आत ओढायचा, हुंदक्यासारखा, आणि आम्ही उठून उभे राहायचो. त्याला आधी कळायचं.

मी तेरा वर्षांची झाले त्या हिवाळ्यात शहरातल्या दुसऱ्या एका कंपाउंडच्या मुलांशी सामना ठरला. खऱ्या मैदानावर, खऱ्या गवतावर. प्रोफेनं निळे शर्ट वाटले. माझ्या पाठीवर सात. मी तो घालून झोपले, तो घालून शाळेचा अभ्यास केला, तो घालून आईबरोबर बकाल्यात, म्हणजे वाण्याकडे, अंडी आणायलाही गेले असते, पण तिनं वरून काळा अबाया चढवायला लावला. कुणाच्याही, अगदी कुणाच्याही मनात एक साधी गोष्ट आली नाही. कंपाउंडच्या उंच भिंतींच्या आत मुली सायकल चालवायच्या, पोहायच्या, खेळायच्या. आत इतकी वर्षं राहून आम्ही बाहेरचं शहर विसरलो होतो.

ते त्या फाटकावर आठवलं. मिनीबस थांबली, मुलं उतरली, मी उतरले. पहारेकरी म्हातारा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात, जणू तोच ओशाळला होता, म्हणाला, "बिन्त? ला, या दक्तूर." मुलींना आत सोडत नव्हते. खेळायला नाही आणि बघायलाही नाही. बाबा हात हलवून बोलले, प्रोफे बोलला, इतरही कुणी बोललं. मी गजांमधून गवत बघत होते. इतकं हिरवं काही मी त्या शहरात पाहिलं नव्हतं. आतून कुणीतरी चेंडू मारल्याचा आवाज आला. रेतीवरच्यापेक्षा वेगळा, मऊ आणि भरीव. मग बाबांनी माझा हात धरला.

आम्ही दोघं टॅक्सीनं परत आलो. घरी आईनं दार उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि चहा टाकला. मी शर्ट काढला नाही. आत जाऊन पडायचं होतं, पण फोन वाजला.

"स्पीकर," प्रोफे म्हणाला. "स्पीकर ऑन. फ्लाका आहे का? बस. सुरू झालंय."

आणि तो बोलायला लागला. स्वतः कोच, रेषेवर उभा, कानाला मोबाइल, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या त्या करड्या फोनमधून अख्खं मैदान आमच्या घरात यायला लागलं. पहिल्या मिनिटालाच मी खुर्चीच्या टोकावर आले. माझ्या जागी इरफान होता, आमच्याच मजल्यावरचा हैदराबादचा मुलगा, आणि तो चेंडू पायात घेऊन विचार करत बसायचा. प्रोफे तेही सांगत होता. "इरफान थिंकिंग. इरफान स्टिल थिंकिंग. खलास, गेला चेंडू." बाबा खुर्चीतून ओरडले, "अरं सोड की लेका." समोरच्यांनी एक गोल केला, मग आणखी एक. आईचा चहा उतू गेला, कुणी उठलं नाही. फोनमधून शिव्या येत होत्या, वाऱ्याचा आवाज येत होता, मधूनच प्रोफे मुलांना ओरडत होता की आम्हाला, तेच कळत नव्हतं.

मध्यंतर झालं. मग तो म्हणाला, "चेंज. इरफान बाहेर."

थोडा वेळ नुसता वारा.

"उजव्या विंगला, नंबर सात, फ्लाका."

आई पातेलं पुसायची थांबली. बाबांनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी उठून उभी राहिले. मला माहीत होतं मी घरात आहे. पायाखाली फरशी होती, समोर फ्रिज होता. पण तो सांगत होता, फ्लाका रेषेवरून आत आली, फ्लाकानं बूट घट्ट केला, फ्लाकाला पहिला चेंडू मिळाला, आणि माझा उजवा पाय आपोआप पुढं गेला. मी पळत होते. एकाला चुकवलं. पडले, उठले. "उजवी बाजू मोकळी, मोकळी, कुणी नाही," तो ओरडला, आणि मग आला तो श्वास, आत ओढलेला. त्याच वेळी फोनमधून अजान सुरू झाली, आणि दोन क्षणांनी आमच्या गल्लीतल्या मशिदीतून, एकामागं एक, दोन्ही घरात मिसळल्या. त्या गलक्यात त्याचा गोल मला ऐकू आला. मी केलेला. आई टाळ्या वाजवत होती आणि रडत होती. बाबा मान खाली घालून टेबलाची कड चाचपत होते.

मुलं परत आली तशी मी जिन्यात धावले. इरफान मोजे काढत पायरीवर बसला होता.

"कितने से हारे?"

"दो-जीरो."

"सेकंड हाफ में राइट विंग पे कौन था?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की ते डोळे मी आजही विसरलेले नाही. "कोई नहीं था. मेरे को निकाले, और बदल में किसी को डालेच नहीं. वो पूरी साइड खाली पड़ी थी. दस लोगां खेले अपन."

कितीतरी दिवस मुलं प्रोफेशी धड बोलत नव्हती. आणि मी? मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं. मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी पांघरुणात तोंड घातलं. त्या सबंध हिरव्या मैदानावर माझ्यापुरती एक लांबच लांब जागा कुणीतरी राखून ठेवली होती आणि तिथं दुसऱ्या कुणालाही पाऊल टाकू दिलं नव्हतं. असं माझ्यासाठी कुणी कधी केलं नाही. नवऱ्यानंसुद्धा नाही, आणि हे त्याला ठाऊक आहे.

पुढं प्रोफे जिझानला गेला, समुद्रकाठच्या एका छोट्या क्लबाचा कोच म्हणून. तिथून त्यानं आंब्यांची पेटी पाठवली. बाबांनी एक आंबा कापला, डोळे मिटून खाल्ला आणि निकाल दिला, "चांगलाय. पण हापूस न्हवं." मग तो ताइफला, थंड हवेत, गुलाबांच्या गावात. मग एकदम कुठंच नाही. मी पुण्याला शिकायला गेले. हॉस्टेलवर एका संध्याकाळी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर कुठलातरी परदेशी सामना लागला होता, निवेदन स्पॅनिशमध्ये, आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. मी दाढांची चित्रं काढत बसले होते. आणि तो श्वास ऐकू आला. आत ओढलेला, हुंदक्यासारखा. मी पेन्सिल ठेवून उठून उभी राहिले. गोल नंतर झाला.

तेव्हापासून निवेदक झालेल्या प्रोफेला मी ऐकत आले. भाषा येत नव्हती, तर त्याच्यासाठी थोडी शिकले. आणि हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. बाकीचे निवेदक साध्या लाथेला तोफ करतात, हरणाऱ्यालाही धीर देतात. प्रोफे नाही. जे आहे ते आणि तेवढंच. चुकला तर चुकला. बाहेर तर बाहेर. मला मात्र त्यानं एक गोल देऊन ठेवला होता, जो कधी झालाच नव्हता. लहानपणी तो गोल मी उराशी धरून झोपायचे. मोठी होत गेले तसा तो टोचायला लागला. मला त्याच्या तोंडून माझ्याबद्दल एक वाक्य हवं होतं, खरं. कसलंही चालेल.

या शहराचं पुढं काय काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. बायका गाडी चालवायला लागल्या, स्टेडियममध्ये बसायला लागल्या, मग मैदानात उतरल्या. मी नोकरीसाठी इथं परत आले तोवर आमच्या क्ष-किरण विभागाच्या डॉक्टर नूरानं हॉस्पिटलचा संघ काढला होता. मी नाव दिलं तेव्हा इरानं विचारलं, "बट आई, कॅन यू इव्हन रन?" संघात नाव दिल्याचं मी प्रोफेला इंटरनेटवर शोधून कळवलं होतं, आणि मागच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. मोठ्या सामन्यांसाठी एका वाहिनीनं त्याला रियाधला आणलंय. हा सामना त्यानं स्वतःहून मागून घेतला, आमच्या जुन्या खिचडी भाषेत बोलायला. आम्ही कॉफीला भेटलो. केस सगळे पांढरे, पोट सुटलेलं, लंगडत चालतो. त्यानं मला पाहिलं, "फ्लाका" म्हणाला, आणि मग हसतच सुटला, कारण काडी आता कुठं राहिलेय. उठताना मात्र गंभीर झाला.

"एक सांगतो," तो म्हणाला. "माईकवर मी खोटं बोलत नाही. आयुष्यात एकदाच बोललो."

"माहीत आहे," मी म्हणाले. "म्हणून तर मला खेळायचंय."

आज पहिला हाफ मी बाकावर काढला. बाकावर बसण्यात काय असतं, हे मला आज कळलं. बूट इतके घट्ट बांधले होते की पाय बधिर झाले. समोर फिलिपिनो नर्सेस चित्त्यासारख्या पळत होत्या आणि मला एकीकडे वाटत होतं, बोलवा, आणि एकीकडे, नका बोलावू. ऊन उतरलं. गवतावर सावल्या लांबल्या. आणि दुसरा हाफ सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर नूरानं मागं वळून बघितलं.

"यल्ला, दक्तूरा. उजवीकडे."

रेषा ओलांडताना काय वाटलं ते सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही असं म्हणून सोडूनही देववत नाही. पायाखाली मऊ होतं. खरंच मऊ होतं. मी पळाले. पहिला चेंडू माझ्या नडगीवरून बाहेर गेला. दुसरा मिळालाच नाही. एकदा धडकून तोंडावर आपटले, ओठांवर गवत आलं, आणि मी ते लगेच थुंकलं नाही. मग नूरानं मधून मान वर केली. उजवी बाजू मोकळी होती, सगळी, थेट गोलपर्यंत, आणि चेंडू माझ्यापुढं येऊन पडला. समोर एकटी कीपर. मी जीव खाऊन लाथ मारली.

चेंडू वर गेला. आणखी वर गेला. बारवरून, जाळीमागच्या कुंपणावरून, पार्किंगमधल्या कुणाच्या तरी गाडीवर धाडकन. दूर कुठंतरी गाडीचा अलार्म वाजायला लागला. मी कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी राहिले, आणि मला हसू आवरेना. पंच बघत होते. दुसऱ्या संघाची कीपर पण हसायला लागली.

सामना बरोबरीत सुटला. मी मोजे खाली करून गवतावर बसले होते, इरा पाण्याची बाटली घेऊन येत होती, तेवढ्यात कोल्हापुरातून बाबांचा फोन आला. ऐंशीच्या घरात आलेले बाबा सामना सुरू व्हायच्या तासभर आधीपासून टॅब समोर घेऊन बसले होते, असं मागून आई सांगत होती.

"काय गं," बाबा सुरूच झाले. "नुसती एकटी किपर हुती की तुझ्यापुढं. मान खाली घालून मारायचा, एवढं कळत न्हाई? काय पाय म्हणायचा का काय त्यो?"

"बाबा, प्रोफे काय म्हणाला?"

"काय म्हणणार? बाहेर म्हणाला."

"म्हणजे नीट काय म्हणाला? माझं नाव घेऊन म्हणाला?"

"व्हय की. नाव घेऊन म्हणाला, सोपा चेंडू हुता, मोकळी हुती, आणि बाहेर घातला. लाज काढली सगळ्या जगात."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही.

"परत सांगा," मी म्हणाले.

"अगं बाहेर गेला म्हणाला, बाहेर. कितींदा सांगू?"

"अजून एकदा."